विमानतळावरचा थांबा तिकीट काढतानाच ठरवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानप्रवासाबद्दल वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा तिकिटांचे चढे दर, उड्डाणांचा विलंब आणि हरवलेले सामान यांच्याभोवती फिरते. दोन उड्डाणांच्या मधे परक्या शहराच्या विमानतळावर जे पाच, आठ किंवा चौदा तास काढावे लागतात, त्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही आणि प्रवासीही त्यांचा विचार तिथे पोचल्यावरच करू लागतात. हा विचार तिकीट काढतानाच व्हायला हवा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. थांबा किती तासांचा आहे, दिवसाचा आहे की रात्रीचा, त्या शहरापासून विमानतळ किती दूर आहे, सामान कोणाच्या ताब्यात राहणार आहे आणि आपल्या पासपोर्टवर बाहेर पाऊल टाकता येते की नाही, एवढे पैसे भरण्यापूर्वी कळले तर तोच थांबा उपयोगी पडतो. पैसे भरून झाल्यावर यातली जवळजवळ एकही गोष्ट आपल्या हातात राहत नाही.

लांबलचक थांबे वाट्याला का येतात, हे आधी समजून घेणे बरे. १९४० आणि १९५० च्या दशकांत अटलांटिक महासागर ओलांडणारी बहुतेक विमाने एका दमात पलीकडे पोचू शकत नसत. इंधन भरण्यासाठी ती आयर्लंडमधील शॅनन आणि न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे उतरत. उतरलेल्या प्रवाशांच्या हाती वेळ असे, आणि १९४७ मध्ये विमानतळावरचे पहिले ड्युटी-फ्री, म्हणजे करमुक्त मालाचे, दुकान शॅननला उघडले ते याच वेळेच्या भरवशावर. जेट विमानांचा पल्ला वाढला तसे इंधनासाठी थांबण्याचे कारण उरले नाही, तरी थांबे संपले नाहीत. आता मोठ्या विमान कंपन्या आपल्या मुख्य विमानतळावर चहूकडून येणारी विमाने ठरावीक वेळी एकत्र आणतात, प्रवाशांना एकातून दुसऱ्यात बसू देतात आणि थोड्या अवधीने ती सारी विमाने पुन्हा चहूकडे सोडतात. दिवसभरात विमानांच्या अशा काही लाटा येतात आणि जातात. ज्याचे पुढचे विमान लगेच निघणाऱ्या लाटेत असते तो दोन तासांत मार्गस्थ होतो. ज्याच्या मुक्कामाला दिवसातून एकच विमान जाते त्याला पुढच्या लाटेची, प्रसंगी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. म्हणजे आठ-दहा तासांचा थांबा हा योगायोग नसतो. तो वेळापत्रकातच असतो आणि तिकीट विकले जाते त्या क्षणी विकणाऱ्याला तो पुरता ठाऊक असतो.

तिकिटावर आठ तासांचा थांबा लिहिलेला असला तरी शहरासाठी आठ तास मिळत नाहीत, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. हिशेब नेहमी पुढच्या विमानापासून मागे यावे असा करावा. विमानाचे गेट सुटण्याच्या वेळेआधी साधारण पंधरा-वीस मिनिटे बंद होते आणि बोर्डिंग त्याच्याही बरेच आधी सुरू झालेले असते. त्यापूर्वी पासपोर्टची तपासणी, सुरक्षा तपासणी आणि टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल एवढे सगळे उरकायचे असते. काही विमानतळांवर एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला जाण्यासाठी गाडीत बसावे लागते ते वेगळेच. म्हणून आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या किमान दोन तास आधी, आणि गर्दीच्या विमानतळावर अडीच तास आधी, परत दारात उभे असलेले बरे. उतरल्यावर विमानातून बाहेर येणे, इमिग्रेशनची रांग आणि बाहेरचा रस्ता सापडणे यांत तासभर सहज जातो. जाण्यायेण्याचे मिळून दीड तास धरले आणि पहिले विमान उशिरा पोचण्याची शक्यता ध्यानात घेऊन अर्धा-पाऊण तास राखून ठेवला, तर आठांपैकी फार तर तीन तास खऱ्या अर्थाने आपले उरतात. तीन तास कमी नाहीत. मात्र ते तीन आहेत हे आधी कळले पाहिजे. आठ आहेत असे समजून निघालेला माणूस शहरात पोचतो तोच परतीची वेळ झालेली असते.

या हिशेबावरून माझे मत असे बनले आहे की पाच तासांहून कमी थांबा असेल तर विमानतळ सोडण्याचा विचार मनातही आणू नये. पाच ते सात तास असतील तर सारे काही विमानतळ शहरापासून किती दूर आहे आणि इमिग्रेशनच्या रांगा किती लांब असतात यावर अवलंबून राहते. सात-आठ तासांहून अधिक वेळ असेल, तो दिवसाउजेडी असेल आणि कागदपत्रांची अडचण नसेल, तर मात्र न जाण्याला सबळ कारण असावे.

अंतराबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण विमानतळाच्या नावात शहराचे नाव असले म्हणजे तो शहरातच असतो असा समज आपण नकळत करून घेतो. झ्युरिक विमानतळाच्या पोटातूनच गाडी सुटते आणि दहा-बारा मिनिटांत शहराच्या मुख्य स्थानकात पोचवते. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून मध्यवर्ती स्थानक सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. अशा शहरांत सहा तासांचा थांबाही कामी येतो. याउलट क्वालालंपूरचा विमानतळ शहराच्या मुख्य स्थानकापासून रेल्वेमार्गाने ५७ किलोमीटरवर आहे. तिथली जलद गाडी हे अंतर अठ्ठावीस मिनिटांत कापते म्हणून तो जवळचा वाटतो, पण तीच गाडी चुकली आणि रस्त्याने जावे लागले तर सगळा हिशेब बदलतो. शांघायच्या पुडोंग विमानतळाहून चुंबकीय बलावर चालणारी मॅग्लेव्ह गाडी सुमारे तीस किलोमीटर अंतर काही मिनिटांत तोडते, परंतु ती ज्या स्थानकावर सोडते ते शहराच्या मध्यभागी नाही; तिथून पुन्हा मेट्रो पकडावी लागते. म्हणून गाडीचा वेग पाहून भुलू नये. विमानतळाच्या दारापासून ज्या जागी जायचे आहे तिच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, तेवढेच पाहावे. रात्रीच्या थांब्यात तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते, कारण कित्येक शहरांत विमानतळाच्या गाड्या मध्यरात्रीनंतर बंद होतात आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाहीत.

आता पासपोर्ट आणि व्हिसा. इथे अंदाजाने चालणे धोक्याचे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात अशी अपेक्षा आहे की सोय असेल तिथे, त्याच दिवशी तिसऱ्या देशात पुढे जाणाऱ्या प्रवाशाला सीमातपासणीतून न जाता विमानतळाच्या आतच थांबता यावे. बहुतेक मोठे विमानतळ या पद्धतीने चालतात, पण सगळे नाहीत. अमेरिकेत अशा प्रवाशांसाठी सर्वसाधारणपणे वेगळा विभाग नसतो. तिथे फक्त विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशनमधून जावे लागते आणि त्यासाठी व्हिसा किंवा प्रवासाची पूर्वपरवानगी हाताशी असावी लागते. काही देश ठरावीक राष्ट्रांच्या नागरिकांकडून विमानतळाच्या आत थांबण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे वाटेतल्या थांब्यापुरता परवाना, मागतात. दुसरीकडे काही देशांनी दार मोठे केले आहे. चीनने १७ डिसेंबर २०२४ पासून व्हिसाविना ट्रान्झिटची मुदत २४० तासांपर्यंत वाढवली, मात्र ती त्या वेळी ५४ देशांच्या नागरिकांपुरती होती आणि पुढचे तिकीट तिसऱ्या देशाचे असण्याची अट तिला जोडलेली आहे. एकाच विमानातून उतरलेल्या दोन प्रवाशांपैकी एकाला शहर खुले आणि दुसऱ्याला बंद, असे प्रत्यक्षात घडते ते यामुळे. मित्राने दिलेली माहिती मित्राच्या पासपोर्टची असते. आपल्यासाठी त्या देशाच्या दूतावासाचे किंवा इमिग्रेशन खात्याचे अधिकृत संकेतस्थळच पाहावे आणि तेही प्रवासाच्या थोडे आधी पुन्हा पाहावे, कारण हे नियम बदलत राहतात.

तिकीट एक आहे की दोन, हा प्रश्न यानंतरचा, पण महत्त्वाने दुय्यम नाही. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असतील तर सामान सहसा थेट अखेरच्या मुक्कामापर्यंत जाते, आणि पहिले विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. युरोपीय संघाचा २००४ चा नियम याहून पुढे जातो: संघातल्या विमानतळावरून एकाच आरक्षणावर निघालेला प्रवासी अखेरच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोचला आणि विलंबाचे कारण कंपनीच्या आवाक्यातले असले, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे जोडली की हे संरक्षण बहुधा सुटते. मग सामान उतरवून घ्यायचे, त्यासाठी देशात प्रवेश करायचा, पुन्हा चेक-इन करायचे, आणि पहिले विमान रखडले तर दुसऱ्याचे पैसे बुडाले असे समजायचे. अशा प्रवाशाच्या थांब्यातले बरेचसे तास या धावपळीतच जातात. वाचवलेल्या पैशांसमोर हे मांडून मगच निर्णय करावा.

सामान थेट जाणार असले तरी चेक-इनच्या वेळी बॅगेला लावलेल्या पट्टीवर अखेरच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. थांबा रात्रभराचा असेल तर बॅग मधेच परत हवी की पुढे जाऊ द्यायची, हेही तिथेच विचारावे. बॅग पुढच्या विमानात चढवली गेली आणि प्रवासी शहरातच अडकला, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात सुरक्षेच्या कारणास्तव ती बॅग सहसा शोधून उतरवली जाते आणि तोवर बाकीचे सारे प्रवासी विमानात ताटकळत बसतात. वेळेवर परतण्याचे बंधन आपल्या तिकिटापुरते नसते, त्यात इतरांचाही वेळ गुंतलेला असतो. हातातल्या पिशवीत औषधे, चष्मा, फोनचा चार्जर, एक जोडी कपडे आणि अंगावर घ्यायला काही गरम असावे. एवढी पिशवी घेऊन तीन तास चालता येते. पिशवी जड असेल तर विमानतळावर सामान ठेवण्याची सोय आहे का आणि ती रात्री उघडी असते का, हे आधीच पाहावे. ड्युटी-फ्रीमधली खरेदी शहरात जाण्याआधी करू नये, कारण बाहेर पडून पुन्हा आत येताना सुरक्षा तपासणी नव्याने होते आणि अनेक विमानतळांवर २००६ पासूनचा शंभर मिलिलिटरचा नियम अजून लागू आहे.

प्रवाशांच्या या तासांची जबाबदारी ज्यांनी आपणहून उचलली, अशा काही विमानतळांची दखल घ्यायलाच हवी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर १९८७ पासून ट्रान्झिट प्रवाशांसाठी शहराची विनामूल्य सहल चालते. किमान साडेपाच तासांचा थांबा हवा आणि देशात प्रवेशाच्या अटी पूर्ण व्हायला हव्यात, एवढेच. इस्तंबूलला तुर्की विमान कंपनी सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना मार्गदर्शकासह शहर दाखवते. सोलच्या इंचॉन विमानतळावर अशा सहली आहेत, आणि तोक्योच्या नारिता विमानतळावर स्थानिक स्वयंसेवकांनी प्रवाशांना सोबत देण्याचा उपक्रम चालवलेला आहे. आइसलँडच्या विमान कंपनीने तर अटलांटिकच्या मधोमध असण्याचा लाभ घेऊन, तिकिटाचे भाडे न वाढवता काही दिवस तिथे उतरण्याची मुभा प्रवाशांना दिली आहे. यात त्या शहरांचा आणि कंपन्यांचा स्वार्थ आहे हे उघड आहे. तीन तास शहर पाहिलेला माणूस पुढे कधी तीन दिवसांसाठी येईल असा त्यांचा विचार असणार. असा स्वार्थ प्रवाशाच्या हिताचा असेल तर त्याचे स्वागतच करावे. शिवाय वेळेची हमी हा या सहलींचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण बस विमानतळावरूनच निघते आणि तिथेच परतते. एकट्याने परक्या शहरात उतरण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी अशी सहल आहे का हे पाहून मगच थांब्याचे शहर निवडावे.

जे स्वतःहून बाहेर पडतात त्यांना माझे एकच सांगणे आहे: एकच जागा ठरवा. तीन तासांत पाच प्रेक्षणीय स्थळे उरकण्याच्या नादात माणूस गाड्यांमध्येच बसून राहतो. त्याऐवजी एक जुनी पेठ, एक नदीकाठ, एक मंदिर किंवा एक संग्रहालय निवडावे, तिथे पायी फिरावे, निवांत बसावे आणि परतावे. ती जागा शहराच्या मध्यभागीच असली पाहिजे असेही नाही. १९७८ मध्ये सुरू झालेला नारिता विमानतळ तोक्योपासून सुमारे साठ किलोमीटर दूर आहे आणि सहा-सात तासांच्या थांब्यात तोक्यो गाठण्याचा अट्टहास बहुधा दमछाकीत संपतो. पण विमानतळाहून रेल्वेने दहा-एक मिनिटांवर नारिता नावाचे जे गाव आहे, तिथे इ. स. ९४० मध्ये स्थापन झालेले नारितासान शिन्शोजी हे बौद्ध मंदिर आहे. स्थानकापासून मंदिरापर्यंत जुन्या दुकानांच्या रस्त्याने चालत जाता येते आणि मंदिरामागे मोठी बाग आहे. महानगराच्या ओझरत्या दर्शनापेक्षा त्या गावातले दोन तास मला अधिक मोलाचे वाटतात. विमानतळाच्या आसपासच्या लहान गावांकडे प्रवासी पाहत नाहीत, आणि अशा गावांबद्दलची माहितीही कोणी त्यांच्यापर्यंत पोचवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वाराकडेही लक्ष असावे. अनेक शहरांतली संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि पहाटे सहाला उतरलेल्या प्रवाशासाठी दहापर्यंत काहीच उघडत नाही. त्या वेळी उद्यान, घाट, बाजाराचा रस्ता, प्रार्थनास्थळ अशी उघडी जागाच निवडावी. निघताना परतीच्या गाडीची वेळ आणि तिच्यानंतरच्या गाडीचीही वेळ लिहून घ्यावी. फोनवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर आले आहे का, हे तपासावे. बोर्डिंग पास बाहेर पडण्याआधीच हातात असावा, आणि परतण्याची जी वेळ ठरवली ती कोणत्याही मोहाने पुढे ढकलू नये.

ज्यांना बाहेर पडता येत नाही किंवा पडायचे नाही, त्यांचे तास वाया गेले असे मी मानत नाही. स्किपोल विमानतळावर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २००२ मध्ये स्वतःची शाखा उघडली आणि २०१० मध्ये तिथे प्रवाशांसाठी ग्रंथालय सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे स्वतःचे संग्रहालय आहे, टर्मिनलमधून जाता-येता त्याची प्रदर्शने पाहता येतात आणि १९९९ मध्ये त्याला अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संघटनेची अधिमान्यताही मिळाली. व्हँकुव्हर विमानतळावर बिल रीड या हायडा (कॅनडातील एक मूलनिवासी समाज) शिल्पकाराचे नावेचे भव्य शिल्प आहे, तर चांगीच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये फुलपाखरांची बाग आहे. अशा जागा सहसा गेटपासून दूर असतात आणि खाण्याच्या व खरेदीच्या दुकानांच्या पाट्यांमध्ये त्यांची पाटी हरवून जाते. विमानतळाचा नकाशा आदल्या दिवशी पाहिला तर त्या सापडतात.

आरोग्याच्या दृष्टीनेही थांब्याचे मोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष २००७ मध्ये जाहीर झाले. चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असे त्यात आढळले. एकूण धोका लहान आहे, साधारण सहा हजारांत एक, पण स्थूलता, गर्भनिरोधक गोळ्या, उंची आणि एकामागून एक लांबचे प्रवास यांनी तो वाढतो. दोन लांब उड्डाणांच्या मधे मिळालेले तास पुन्हा खुर्चीत बसून घालवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे, कारण विमानातल्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा वीस टक्क्यांहूनही कमी असते. झोप घ्यायची तर गजर लावून घ्यावी. पुष्कळ विमानतळांवर आता प्रत्येक उड्डाणाची उद्घोषणा होत नाही. प्रवाशानेच फलक पाहत राहावे अशी अपेक्षा असते आणि गेट शेवटच्या तासात बदलू शकते. झोपलेल्या प्रवाशाला कोणी उठवायला येईल, या भरवशावर राहू नये.

व्हीलचेअरची मदत घेणाऱ्या वृद्ध आणि आजारी प्रवाशांकडे मात्र आपले सर्वांचेच दुर्लक्ष होते. मुलाबाळांना भेटायला एकट्याने दूरदेशी निघालेली वयस्कर माणसे घरच्यांच्या आग्रहाने ही मदत मागतात आणि ती योग्यच आहे. पण विमान बदलण्याच्या जागी त्यांना एका राखीव कोपऱ्यात नेऊन बसवले जाते आणि पुढच्या विमानाची वेळ होईपर्यंत ती तिथेच बसून असतात. पाणी हवे, स्वच्छतागृहात जायचे आहे, पाय मोकळे करायचे आहेत, घरी फोन करायचा आहे, यातले काहीही मागायचे तर समोर माणूस नसतो आणि भाषाही परकी असते. आपली पाळी चुकेल या भीतीने त्या तासांत ती पाणी पिण्याचेही टाळतात. सहा तास असे बसणे हे वर सांगितलेल्या धोक्याला आमंत्रण आहे. मदतीचा अर्थ एका दारातून दुसऱ्या दारात पोचवणे एवढाच धरला गेला तर मधल्या वेळेला कोणीच वाली राहत नाही. दर तासाला कोणी तरी येऊन विचारपूस करावी, पाणी आणि स्वच्छतागृह जवळ असावे, आपले विमान कधी आहे व न्यायला कोण, किती वाजता येणार आहे हे समजेल अशा भाषेत लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्यावा, हे मुळीच अवघड नाही. घरच्यांनीही अशा प्रवाशासाठी सर्वांत स्वस्त तिकिटापेक्षा तीन-चार तासांचा, दिवसाचा आणि एकाच टर्मिनलमधला थांबा निवडावा. फार लहान थांबाही त्यांना झेपत नाही. ही मदत प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी कळवावी आणि दोन्ही उड्डाणांसाठी नोंदली गेली आहे याची खात्री करून घ्यावी. ज्यांचा त्रास बाहेरून दिसत नाही, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश, ऑटिझम किंवा ऐकू कमी येणे, त्यांच्यासाठी लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत सुरू केली. ती गळ्यात असली की या माणसाला थोडा अधिक वेळ आणि अधिक स्पष्ट बोलणे लागेल हे कर्मचाऱ्यांना विचारण्याआधीच कळते. ही फीत आता इतर अनेक देशांतल्या विमानतळांवरही ओळखली जाते आणि ती मागून घ्यायला संकोच करू नये.

लहान मुलांसह प्रवास करणाऱ्यांनी शहरात जाण्याच्या खटपटीत पडण्याऐवजी खेळण्याची जागा, बाळाची खोली आणि अंधारी, शांत बसण्याची जागा यांची माहिती काढून ठेवावी. दमलेल्या मुलाला घेऊन इमिग्रेशनच्या दोन रांगांत उभे राहणे कोणालाच सुखाचे नसते.

तिकिटे विकणारी संकेतस्थळे आणि विमान कंपन्या यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. तिकिटाच्या किमतीखाली आज 'एक थांबा, नऊ तास' एवढेच छापलेले दिसते. त्याच जागी, पैसे भरण्यापूर्वी, थांबा रात्रीचा आहे का, टर्मिनल बदलावे लागते का, सामान थेट जाते का, आणि प्रवाशाने नोंदवलेल्या नागरिकत्वाला त्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे. यातली बहुतेक माहिती विमान कंपन्यांच्या यंत्रणेत आधीपासूनच असते, कारण चेक-इनच्या वेळी कागदपत्रे अपुरी असल्याचे सांगून प्रवाशाला परत पाठवताना त्यांचे कर्मचारी हीच माहिती समोर ठेवतात. जी माहिती प्रवाशाला अडवण्यासाठी उपलब्ध असते ती त्याला वाट दाखवण्यासाठी आधी का मिळू नये, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे. विमानतळ चालवणाऱ्यांनी आपल्या नकाशांवर दुकानांइतक्याच ठळकपणे पाण्याचे नळ, आडवे होता येईल अशी आसने, शांत कक्ष, सामान ठेवण्याच्या खोलीच्या वेळा आणि शहरात जाणाऱ्या पहिल्या व शेवटच्या गाडीची वेळ दाखवावी. व्हीलचेअरच्या प्रवाशांना किती वेळ एका जागी बसवून ठेवले गेले याची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन नियामकांनी विमानतळांवर घालावे.

आपल्या दैनिकाच्या प्रवासविषयक पानावर दर आठवड्याला एका विमानतळाची अशी माहिती, म्हणजे शहराचे अंतर, व्हिसाचे नियम, गाड्यांच्या वेळा, विनामूल्य सहल असल्यास तिची अट आणि वृद्धांसाठी असलेल्या सोयी, थोडक्यात व तारखेसह छापली जावी, अशी विनंती करतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक